घारापुरी, पण गुडघे सांभाळून

प्रश्न : सोमवारी सुट्टी आहे. सत्तरीतल्या आईला घारापुरीची लेणी दाखवायची आहेत. जमेल का?

उत्तर : सोमवार सोडा, लेणी बंद असतात. इतर दिवशी गेटवेवरून सकाळची लाँच पकडा, तासाभरात पोहोचाल. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी रेल्वे आहे, पण पुढच्या सुमारे १२० पायऱ्यांवर खरी दमछाक. डोली मिळते, भाव बसण्याआधीच, जाऊन-येऊनचा ठरवा. खाण्याची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका, माकडं हिसकावतात.

त्रिमूर्तीपुढे, म्हणजे लेण्यातल्या शंकराच्या तीन मुखांच्या शिल्पापुढे, घाई नको. डोळे अंधाराला सरावले की मधल्या मुखाचे मिटलेले डोळे, आपल्या डावीकडच्या उग्र मुखाजवळचा नाग आणि उजवीकडच्या सौम्य मुखाजवळचं कमळ दिसू लागतं. पावसाळ्यात समुद्र खवळला तर लाँच बंद राहतात. आदल्या दिवशी चौकशी करा.