चार तासांत संपणारी पोकर स्पर्धा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

बोर्डगेम खेळणाऱ्यांची दोन दिवसांची संमेलनं आता बऱ्याच शहरांत भरतात. पहिल्या दिवशी संध्याकाळी पोकरची मैत्रीपूर्ण स्पर्धा ठेवायची, अशी कल्पना अनेक मंडळांना सुचलेली दिसते. त्याबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथं घेतले आहेत. सगळी उत्तरं टेक्सस होल्डेम या प्रकाराला धरून आहेत : प्रत्येकाला दोन पानं झाकून, टेबलावर पाच पानं उघडी, बोलीला मर्यादा नाही.

प्रश्न : आमच्याकडे ३२ जण खेळणार आहेत. हॉल पाच ते नऊ मिळतो. गेल्या वर्षी नऊ वाजले तरी अकरा जण खेळात होते आणि स्पर्धा अर्धवट सोडावी लागली. काय चुकलं असेल? (एक वाचक, पुणे)

उत्तर : चिप्स जास्त वाटल्या गेल्या असतील किंवा ब्लाइंड फार हळू वाढले असतील. बहुतेक वेळा दोन्ही एकदम होतं. हौशी स्पर्धेत संयोजक उदार होऊन प्रत्येकाला १०,००० किंवा २०,००० च्या चिप्स देतात, आणि संध्याकाळ तिथंच हातातून जाते.

ब्लाइंड म्हणजे पानं वाटण्याआधी दोघांनी (एकानं छोटा ब्लाइंड, पुढच्यानं त्याच्या दुप्पट मोठा) सक्तीनं टाकायची रक्कम. स्पर्धेचं घड्याळ तीच चालवते. शेवटची वेळ काढायचा हिशेब सोपा आहे. खेळातल्या एकूण चिप्सच्या किमतीला २० नं भागा. मोठा ब्लाइंड त्या आकड्याला पोचेपर्यंत स्पर्धा जवळजवळ नेहमी संपलेली असते. तुमच्या ३२ जणांना प्रत्येकी ५००० दिले, तर एकूण १,६०,००० झाले. २० नं भागल्यावर ८००० येतात. म्हणजे ८००० चा मोठा ब्लाइंड नऊच्या सुमाराला येईल असं वेळापत्रक उलट बाजूनं बांधायचं.

पंधरा मिनिटांच्या लेव्हल (ब्लाइंड न बदलता खेळायचे टप्पे) ठेवा आणि ब्लाइंड असे चढवा, आधी छोटा, मग मोठा : २५-५०, ५०-१००, ७५-१५०, १००-२००, १५०-३००. इथं दहा मिनिटं विश्रांती. पुढं २००-४००, ३००-६००, ४००-८००, ६००-१२००, ८००-१६००. पुन्हा दहा मिनिटं. मग १०००-२०००, १५००-३०००, २०००-४०००, ३०००-६०००, ४०००-८०००. चौदावी लेव्हल संपते तेव्हा विश्रांती धरून सुरुवातीपासून तीन तास पन्नास मिनिटं झालेली असतात. पंधरावी हाताशी राखीव. मात्र पाचला पहिलं पान पडायला हवं असेल, तर खेळाडूंना साडेचारला बोलवा. नावं लिहिणं, चिठ्ठ्या काढून जागा ठरवणं आणि नियम वाचून दाखवणं यात अर्धा तास सहज जातो.

विश्रांतीच्या जागा मुद्दाम निवडलेल्या आहेत. १५०-३०० ला २५ ची चिप लागते, त्यानंतर कधीच नाही. म्हणून पहिल्या विश्रांतीत २५ च्या सगळ्या चिप्स गोळा करून बदल्यात मोठ्या चिप्स द्यायच्या. दुसऱ्या विश्रांतीत १०० च्या. हे विसरलात तर उत्तरार्धात प्रत्येक पॉट (डावात जमलेल्या चिप्सचा ढीग) मोजायला मिनिट-मिनिट लागतं, लेव्हलमध्ये दोन डाव कमी होतात आणि वेळापत्रक कोलमडतं. गोळा करताना उरलेल्या सुट्या चिप्ससाठी मोठ्या स्पर्धांत एकेक पान वाटून, ज्याचं पान वरचं त्याला मोठी चिप, अशी पद्धत आहे. मैत्रीच्या खेळात त्यापेक्षा सरळ वर पूर्ण करा : कुणाकडे २५ ची एक उरो की तीन, त्याला १०० ची एक चिप द्या. खेळाच्या तोलात काही फरक पडत नाही आणि दहा मिनिटांत काम उरकतं.

प्रश्न : चिप्स, पत्ते, टेबलं – नेमकं किती आणि कसं आणायचं? (वाचक, नाशिक)

उत्तर : वरच्याच ३२ जणांचा हिशेब धरू. प्रत्येकाला २५ च्या आठ, १०० च्या आठ, ५०० च्या चार आणि १००० च्या दोन चिप्स. बेरीज बरोबर ५०००, चिप्स बावीस. ३२ जणांचे मिळून ७०४ नग. बदलून द्यायला १०० च्या आणखी ९०, ५०० च्या २०, १००० च्या ४० आणि ५००० च्या २०. एकूण ८७४. ५०० नगांच्या दोन पेट्या घेतल्या तर संख्या भागते, पण पेटीतली रंगांची वाटणी आपल्या हिशेबाशी जुळेलच असं नाही. रंगानुसार सुट्या चिप्स मिळत असतील तर त्याच घ्या. चिपवर आकडा छापलेला असावा. नुसत्या रंगांवर भागवायचं ठरलं तर कुठला रंग कितीचा हे प्रत्येक टेबलावर लिहून ठेवा, नाहीतर पहिल्याच तासात कुणीतरी ५०० समजून १००० टाकतं. संचाच्या २२-२२ चिप्स आदल्या रात्री पिशव्यांत भरून ठेवा. आयत्या वेळी मोजायला बसलात तर चूक ठरलेली, आणि ती शेवटच्या टेबलापर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

पत्ते पूर्ण प्लास्टिकचेच घ्या. कागदी पत्त्यांचे कोपरे दोन तासांत वाकतात, आणि वाकलेला एक्का पाठीवरून ओळखू आला की खेळ बिघडला. प्रत्येक टेबलाला वेगळ्या पाठीचे दोन कॅट द्या : एकाचा डाव चालू असताना दुसरा पिसला जातो. वाटायला वेगळा माणूस नसलेल्या टेबलावर तासाला दोन-चार डाव तरी यानं वाढतात. चार टेबलांना आठ कॅट, वर दोन राखीव. प्रत्येक कॅटबरोबर एक कोरं जाड प्लास्टिकचं पान असू द्या. वाटताना ते तळाशी धरलं की खालचं पान शेजाऱ्याला दिसत नाही.

हॉलमधली लांबट टेबलं एकेकटी उपयोगाची नाहीत, समोरच्याची पानं दिसतात आणि पॉट मावत नाही. दोन टेबलं लांबीच्या बाजूंनी जोडली की आठ जण ऐसपैस बसतात. उघड्या सनमायक्यावरून पान उचलताना ते उलटं होऊन दिसतं, शिवाय चिप्स घसरतात. जोडाच्या फटीवरून एक घोंगडी किंवा पातळ गादी पसरा आणि वर जाड सुती चादर ताणून खालून क्लिपा लावा. चहाचे कप या टेबलांवर नकोत. त्यासाठी प्रत्येक टेबलाशेजारी एक स्टूल ठेवा.

घड्याळ प्रोजेक्टरवर दाखवा, पण ब्लाइंडचा तक्ता कागदावर छापून भिंतीलाही लावा. वीज गेली तर मोबाइलच्या गजरावर स्पर्धा चालू राहते.

प्रश्न : आमचे बरेच जण तीन पत्ती खेळून तयार झालेले आहेत. त्यांना वेगळं काय सांगावं? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : हातांची (पाच पानांच्या जुळणींची) क्रमवारी छापून प्रत्येक खुर्चीसमोर ठेवा आणि दोन ओळी तोंडानं सांगा. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरच्या वर असतो, पोकरमध्ये एकाच रंगाची पाच पानं सिक्वेन्सच्या वर असतात. तीन पत्तीत तीन एक्क्यांना तोड नाही, इथं त्यावर सिक्वेन्स, एकरंगी पाच, फुल हाउस (तीन सारखी आणि दोन सारखी), चार सारखी पानं आणि एकरंगी सिक्वेन्स असा सगळा जिना आहे. पानं न बघता खेळल्याची सवलत इथं नसते. आणि शोडाउनला (शेवटी पानं उघडताना) तोंडानं चुकीचा हात सांगितला तरी टेबलावर उघडलेली पानंच धरली जातात, हेही सांगून टाका. नवख्याचा जिंकलेला हात त्यामुळे वाचतो.

प्रश्न : वाद नेहमी बोलीवरून होतात. कोणते नियम आधी जाहीर करावेत? (वाचक, ठाणे)

उत्तर : पाच पुरतात. ते सुरुवातीला वाचून दाखवा, कारण वाद झाल्यावर सांगितलेला नियम कुणाच्या तरी विरोधात काढल्यासारखा वाटतो.

तोंडून गेलेला शब्द बांधील, पण आपली पाळी आली असेल तरच.

काही न बोलता एकच मोठी चिप टाकली तर तो कॉल, म्हणजे आधीच्या बोलीएवढीच रक्कम भरणं. ब्लाइंड १००-२०० असताना कुणी मुकाट्यानं १००० ची चिप टाकली, तर त्याचे २०० धरायचे आणि ८०० परत द्यायचे. आधी ‘रेझ’ म्हटलं असेल तर मात्र ती १००० पर्यंतची वाढ.

वाढ एकाच हालचालीत करायची. आधी कॉलपुरत्या चिप्स टाकून, समोरच्याचा चेहरा बघून पुन्हा चिप्सकडे हात नेला, तर फक्त कॉल.

पुढची वाढ आधीच्या वाढीएवढी तरी हवी. २०० वरून कुणी ६०० केले म्हणजे वाढ ४०० ची, तर पुढच्यानं किमान १००० करायला हवेत. एखाद्यानं उरलेले सगळे ८०० टाकले (ऑल-इन) तर ती पूर्ण वाढ होत नाही. ज्यांनी आधीच बोली केली आहे ते ८०० भरतील किंवा फोल्ड करतील (डाव सोडतील), पुन्हा वाढवू शकत नाहीत. हा नियम अनुभवी मंडळीही विसरतात.

पाचवा नियम बाजूच्या पॉटचा, आणि तिथंच सर्वात जास्त गोंधळ होतो. समजा तिघे ऑल-इन आहेत : एकाचे ९००, दुसऱ्याचे २१००, तिसऱ्याचे ४०००. सर्वात लहान रकमेपासून सुरू करा. तिघांचे ९००-९०० मिळून २७०० चा मुख्य पॉट, त्यावर तिघांचा हक्क. दुसऱ्या-तिसऱ्याचे उरलेले १२००-१२०० मिळून २४०० चा बाजूचा पॉट, त्यावर फक्त त्या दोघांचा. तिसऱ्याचे १९०० त्याला लगेच परत. दोन्ही ढीग पुढची पानं उघडण्याआधी वेगळे करा, आणि शेवटी आधी बाजूचा पॉट मिटवून मग मुख्य. सगळं एकत्र ढकललं की पानं उघडल्यावर कोणाचे किती होते हे कुणालाच सांगता येत नाही. पॉट वाटून घेताना एक चिप विषम उरली, तर वाटून घेणाऱ्यांपैकी बटनाच्या (वाटणाऱ्याची जागा दाखवणारी, दर डावाला पुढं सरकणारी खूण) डावीकडून पहिला बसलेल्याला ती जाते.

अखेरचा निर्णय एकाच माणसाचा असावा, आणि तो माणूस स्पर्धेत खेळणारा नसावा. हे दुसरं कलम आम्हाला पहिल्याहून महत्त्वाचं वाटतं.

प्रश्न : माणसं बाद होत जातात तशी टेबलं कशी मोडायची? (वाचक, सोलापूर)

उत्तर : २४ उरले की एक टेबल मोडा, १६ ला दुसरं, आठ उरले की शेवटचं टेबल. मोडण्याचा क्रम सुरुवातीलाच भिंतीवर लावा. नव्या जागा चिठ्ठीनं द्या. मधल्या काळात दोन टेबलांत दोघांचा फरक पडला तर मोठ्या टेबलावर ज्याचा मोठा ब्लाइंड आता येणार होता, त्याला हलवा आणि दुसरीकडे मोठ्या ब्लाइंडच्या जितकं जवळ बसवता येईल तितकं बसवा. छोट्या ब्लाइंडच्या जागी बसवू नका. असं केलं की हलवल्यामुळे कुणी ब्लाइंड चुकवत नाही.

शेवटी दोघंच उरले की बटन ज्याच्याकडे त्यानंच छोटा ब्लाइंड टाकायचा. पानं वाटल्यावर बोली त्यानं आधी करायची, टेबलावर पानं पडल्यावर मात्र शेवटी. हा उलटा क्रम कागदावर लिहून शेवटच्या टेबलावर ठेवाच. आणि एकाच डावात दोघे बाद झाले, तर डावाच्या सुरुवातीला ज्याच्याकडे जास्त चिप्स होत्या त्याचा क्रमांक वरचा.

प्रश्न : पहिल्या वीस मिनिटांत बाद झालेला माणूस हिरमुसून घरी जातो. काय करावं? (वाचक, पुणे)

उत्तर : पहिल्या पाच लेव्हलपर्यंत प्रत्येकाला एकदा पुन्हा बसू द्या. त्याला ५००० ची एकच चिप द्या, सुटे तो टेबलावरच करून घेईल. त्याच्या जुन्या चिप्स तिथंच कुणाकडे तरी गेलेल्या असतात. आठ जण परत आले तर एकूण २,००,००० होतात, वीसचा भागाकार १०,००० येतो, म्हणून तक्त्यात ५०००-१०,००० ची सोळावी लेव्हल लिहून ठेवा आणि हॉल पंधरा-वीस मिनिटं जास्त मागून घ्या. नंतर बाद होणाऱ्यांसाठी कोपऱ्यात लहान बोर्डगेमचं एक टेबल सुरू असू द्या.

संमेलनात आणखी एक अडचण येते : मधेच कुणी दुसऱ्या सत्राला उठून जातं. त्याच्या चिप्स उचलू नका. त्याला पानं वाटायची, त्याची पाळी आली की ती पानं बाद करायची आणि ब्लाइंड त्याच्या ढिगातून घ्यायचे. थांबून वाट बघितली तर उरलेल्या सातांवर अन्याय होतो.

प्रश्न : पन्नास रुपये प्रवेश शुल्क घेऊन विजेत्याला रोख बक्षीस दिलं तर चालेल का? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : देऊ नका. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. कौशल्याच्या खेळांना त्याच्या कलम १३ नं सूट आहे, पण पोकर त्यात बसतं का यावर देशात एकमत नाही. गुजरात उच्च न्यायालयानं २०१७ मध्ये पोकरला जुगार ठरवलं, तर पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्यानं पोकर जुगाराच्या व्याख्येतून वगळलेलं आहे. पन्नास रुपयांसाठी मंडळानं या वादात कशाला पडायचं? स्पर्धेला वेगळं शुल्क नको, चिप्सना पैशांची किंमत नको, टेबलावर रोख रक्कम दिसायलाच नको. जाहिरातीत आणि हॉलच्या अर्जात ‘पैशांविना’ असं स्पष्ट लिहा आणि हॉलच्या व्यवस्थापकाची लेखी संमती घ्या. विजेत्याला करंडक द्या, किंवा संमेलनाच्या खेळांच्या टेबलावरून आवडेल तो खेळ रात्रभर घरी न्यायची मुभा. बोर्डगेमवाल्यांना हे दुसरं बक्षीस जास्त आवडतं.