स्वतःच्या कमाईतले पैसे लावून जुगार खेळला तर त्यात चुकीचं काय?

ताई, तुम्ही लिहिलंय की नवरा दर महिन्याला पगारातले ठरावीक पैसे बाजूला काढतो, तेवढेच खेळतो, घरात काही कमी पडू देत नाही, तरी माहेरचे त्याला जुगारी म्हणतात. पण तो खेळतो काय ते लिहिलंच नाहीत. रेस, पत्ते, मटका, लॉटरी, का फोनवर काही? माझं अर्धं उत्तर तिथेच अडतंय. तरी लिहितेय, कारण 'जुगारी' हा शब्द आमच्या घरात ज्या माणसाला चिकटला तो माझा बाप होता आणि त्याची वही मी स्वतः बेरीज करून बघितलेली आहे.

आमचे आबा खडकीला ॲम्युनिशन फॅक्टरीत होते. आम्ही कसबा पेठेत वाड्यात राहायचो, दोन खोल्या. पुण्यात रेस पावसाळ्यात असते, जुलै ते ऑक्टोबर, मग घोडे मुंबईला महालक्ष्मीला जातात. आबा मुंबईला कधी गेले नाहीत. इथला सीझन सुरू झाला की रेसच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट, छत्री, कानाला पेन्सिल, आणि पीएमटीच्या बसनं पुलगेट, रेसकोर्सचा स्टॉप. आदल्या रात्री जिन्यातल्या बल्बखाली रेसबुक घेऊन बसायचे आणि मी शेजारी बसून मोठ्यानं वाचून दाखवायचे, कुठला घोडा, किती वजन, मागच्या वेळी कितवा आला. वजन म्हणजे घोड्याचं नाही हं, घोड्यावर चढवलेलं. जो घोडा चांगला पळतो त्याच्यावर जास्त वजन टाकतात म्हणजे सगळे एका पातळीला येतात, त्याला हँडिकॅप म्हणतात. शाळेत टक्केवारी शिकायच्या आधी मला हँडिकॅप कळत होतं. पावसाचाही हिशेब असायचा. खडकवासल्यातून पाणी सोडल्याची बातमी आली की आबा म्हणायचे, 'उद्या ट्रॅक जड', आणि पुस्तकातल्या दोन-तीन नावांवर काट मारायचे. कुणाला हे डोकं चालवणं वाटत नसेल तर नसू दे.

नियम एकच. चाळीस रुपये न्यायचे, पुढे पुढे ते शंभर झाले, पण ठरलेले तेवढेच. हरले तर शेवटच्या रेसच्या आधीच घरी, कारण उभं राहून करणार काय. जिंकले तर येताना मंडईतून काहीतरी फळं. घरी आले की खिशातले सगळे पैसे, चिल्लरसकट, ओट्यावर ठेवायचे आणि वहीत लिहायचं. तारीख, नेले, आणले. बस. १९७२ पासून १९९३ पर्यंत. नंतर गुडघ्यानं दगा दिला, पुलगेटचा बसस्टॉप ते आतपर्यंतचं चालणं होईना, मग बंद.

आता वाड्यातलीच दुसरी बाजू सांगते. आमच्या खालच्या खोलीत एक काका होते, ते मटका लावायचे, 'कल्याण' नावाचा. मटकेवाले तीन आकडे काढायचे, त्यांची बेरीज, बेरजेतला शेवटचा आकडा तो ओपन, मग रात्री तसाच क्लोज. चार, सहा, आठ आले तर अठरा, म्हणजे आठा. आकडे दहा आणि लागला तर रुपयाला नऊ. तिसरीतल्या पोरालाही कळेल हा हिशेब, पण काकांना स्वप्नात साप दिसला की वेगळा आकडा आणि पाणी दिसलं की वेगळा. गंमत म्हणजे १८८७ चा जो जुगारबंदीचा कायदा आहे त्यात रेसकोर्सवरची घोड्यांची रेस वगळलेली, त्यामुळे एकाच वाड्यात वरचा माणूस कायदेशीर आणि खालच्याच्या मागे पोलीस. आणि आमची आई, जी आबांना रेसच्या दिवशी सकाळी चहासुद्धा आपटून द्यायची, ती दर वर्षी राज्य लॉटरीचं दिवाळी बंपर घेऊन देवाच्या तसबिरीमागे ठेवायची. ती लॉटरी सरकारनंच १९६९ ला सुरू केलेली, त्यामुळे ते पुण्यच. तिला कुणी जुगारी म्हटल्याचं मला तरी आठवत नाही. माझं एक स्थळ मात्र 'मुलीचे वडील रेसला जातात' म्हणून परत गेलं. मुलाच्या घरात दिवाळीला रात्र-रात्र तीन पत्ती चालायची हे नंतर कळलं. असो. बरंच झालं.

आबा २००४ साली गेले. तेरावा झाल्यावर मी आणि दादा वही घेऊन बसलो, कॅल्क्युलेटरवर सगळी बेरीज केली. २१ सीझनचा एकूण तोटा १८,६४० रुपये. सीझनला ८८७ रुपये नि वर काही पैसे. दादा म्हणाला, 'तेव्हाचे अठरा हजार म्हणजे धनकवडीत जागा झाली असती.' मी म्हटलं, आणि आबांच्या दोस्तांनी तेवढ्याच वर्षांत जी दारू प्यायली त्यात काय झालं असतं, कोथरूडला बंगला? तिथून आमचं जे सुरू झालं ते आजपर्यंत चालू आहे.

तर आता खरं दुखणं. दादाचा मुलगा, माझा भाचा, हिंजवडीला आयटीत. चांगला पोरगा. त्यानं फोनवरच्या रमीच्या ॲपवर सात महिन्यांत ३ लाख ८० हजार घालवले. आधी पगार, मग क्रेडिट कार्ड, मग ते दहा मिनिटांत कर्ज देणारे ॲप असतात ते. घरात कुणाला पत्ता नाही. रात्री दोन-दोन वाजता बाथरूममध्ये फोन घेऊन बसायचा, वहिनीला वाटायचं पोट बिघडलंय, ती बिचारी त्याला ताक-भात घालत होती. वसुलीवाल्यांचा फोन वहिनीच्या मोबाइलवर आला तेव्हा बाहेर पडलं.

२०२४ च्या भाऊबीजेला दादाला ओवाळलं, ताटात पाकीट पडलं, आणि पाटावरून उठता उठता तो सगळ्यांसमोर म्हणाला, 'आबांचं रक्त आहे, दुसरं काय.' माझ्या हातात निरांजन तसंच. वीस वर्षांपूर्वी गेलेल्या माणसावर बिल फाडलं. नंतर फॅमिली ग्रुपवर ऋग्वेदातली ओळ टाकली, फासे खेळू नकोस, शेती कर. अरे पण ते सूक्त आधी वाच तरी सगळं, त्यात बोलणारा स्वतः जुगारी आहे, बायको जवळ करत नाही, सासू तिरस्कार करते, ठरवलं की आता जायचं नाही आणि फाशांचा आवाज आला की पाय तिकडेच. असा माणूस तुझ्या घरात चोवीस वर्षांचा आहे, त्याच्याशी बोल की, श्लोक काय टाकतोस.

मी भाच्याला घेऊन बसले एक दिवस. तो म्हणतो, 'आत्या, रमी स्किल गेम आहे, सुप्रीम कोर्टानं सांगितलंय.' मला रागही आला आणि हसूही, कारण आबांनी नेमकं हेच केलं होतं. १९९६ साली कोर्टानं घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलं, तेव्हा आबांचं रेसला जाणं बंद होऊन तीन वर्षं झालेली, तरी पेपरातलं कात्रण कापून वहीच्या मागच्या पानावर खळीनं चिकटवलं आणि आईला नेऊन दाखवलं. आई म्हणाली, 'कोर्टाला सांगा मंडईचा हिशेब द्यायला.'

पण स्किल हा मुद्दाच नाही माझ्या मते. आबांच्या एका दुपारी सहा-सात रेस व्हायच्या, दोन रेसच्या मध्ये अर्धा तास. तेवढ्यात माणूस चहा पितो, खिडकीच्या रांगेत उभा राहतो, शेजारचा हरलेला दिसतो, खिशात हात घातला की नोटा किती उरल्या ते बोटांना कळतं. ऑक्टोबर संपला की घोडे मुंबईला, हा घरी, आठ महिने सुट्टी. भाच्याचा डाव दोन-तीन मिनिटांत संपायचा आणि पुढचं टेबल तयारच. रात्री तीनला पण टेबल तयार. हरला की बोनस यायचा मेसेजनं, ये परत म्हणून. नोट म्हणून हातात काही नाहीच, नुसता आकडा कमी होतो स्क्रीनवर. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला तेव्हा घरात पहिल्यांदा दादाचं आणि माझं एकमत झालं, ते दोन दिवस टिकलं. कायदा आला म्हणून सगळं थांबलं असंही नाही, टेलिग्रामवर काय काय चालतं ते भाचाच सांगतो. आणि शेअर बाजारात ऑप्शन खेळणाऱ्यांनी नाकं मुरडू नयेत, बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनंच २०२४ ला सांगितलंय की एफ अँड ओमध्ये, म्हणजे फ्युचर्स-ऑप्शनच्या सौद्यांत, तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले. आबांच्या रेसमध्ये निदान घोडा तरी दिसायचा.

म्हणून ताई, नवरा फोनवर खेळत असेल तर 'ठरावीक रक्कम' वगैरे विसरा, मोबाइल हातात घ्या आणि बँकेचं स्टेटमेंट बघा, आजच. आणि रेसला जात असेल, दिवाळीत चार मित्रांत पत्ते कुटत असेल, तुमच्यासमोर पैसे नेत-आणत असेल, तर माहेरच्यांना सांगा आपापल्या ताटात बघा. मला त्यात अनैतिक वगैरे काही दिसत नाही. सगळे धर्मराजाचं उदाहरण देतात, पण भर सभेत द्रौपदीनं काय विचारलं ते सोयीनं विसरतात. तिनं खेळलास का असं नाही विचारलं. आधी स्वतःला हरलास का आधी मला, हे विचारलं. मला पणाला लावायचा हक्क तुला उरला होता का, हे.

आता एक गोष्ट जी मी वर लिहिली नाही. लिहिणार नव्हते, पण हिशेब म्हटला की पूर्ण द्यावा. १९७२ ते १९९३ म्हणजे मोजलंत तर २२ सीझन होतात आणि बेरीज आम्ही केली २१ ची. १९८२ ची पानं वहीत नाहीत. ब्लेडनं कापलेली आहेत, अगदी शिवणीला लागून. त्या वर्षी आईच्या पाटल्या गेल्या. मोडल्या की गहाण पडल्या ते आम्हाला कधी सांगितलं नाही, विचारलं तर आई म्हणायची, 'हाताला घट्ट होत होत्या.' आणि १९८३ पासून 'नेले' या रकान्यातला आकडा आबांच्या अक्षरात नाही. आईचं अक्षर आहे, चारचा आकडा ती वेगळा काढायची, वर गाठ मारल्यासारखा. म्हणजे ओट्यावर पैसे ठेवायचं जे मी मघाशी कौतुकानं सांगितलं, ते १९८३ नंतरचं. त्याआधीचं मला आठवत नाही, मी लहान होते, का मला आठवायचं नाही कुणास ठाऊक. नियम आबांचा असं मी वीस वर्षं भांडत आले. तो चहा आपटून देणारीचा होता. तीच मोजून द्यायची.

दादाला हे माहीत होतं. त्यानं कधी बोलून दाखवलं नाही इतकंच. १९८२ ला तो दहावी झाला, फर्स्ट क्लास, त्याला सायकल मिळणार होती, आबांनी दुकानात नेऊन हिरवी पसंत करून ठेवली होती. ती आली नाही. पुण्यात तेव्हा ज्याच्याकडे सायकल नाही असा कॉलेजातला मुलगा शोधावा लागायचा, आणि हा अकरावी-बारावी कसब्यातून डेक्कनला पायी गेला. मी त्या सायकलीवरून त्याला कितीदा चिडवलंय, पन्नाशी उलटली तरी सायकल सायकल करतोस म्हणून. भाऊबीजेला तो जे बोलला ते चूकच होतं, मी ते मागे घेणार नाही आणि त्यानंही घेऊ नये, पण तो भाच्याबद्दल बोलत नव्हता हे आता कळतं.

आणि हो, आईसारखं मोजून देणारं कुणी असेल तर सगळं ठीक असंही समजू नका हं. दर रेसच्या दिवशी नवऱ्याला चाळीस रुपये मोजून द्यायचे, अकरा वर्षं, हेही काम आहे, आणि ते तिच्या गळ्यात कुणी न विचारता घातलं. तुमचा नवरा पैसे बाजूला काढतो म्हणता, ते तो स्वतः काढतो का तुम्ही आठवण करता, हे तुम्हालाच माहीत.

वही सध्या दादाकडे आहे. भाच्याला बघायची आहे, १९८३ चं पान खास. दादाला फोन केला तर म्हणतो माळ्यावर आहे कुठेतरी, शिडी लावावी लागेल, त्याचे गुडघे आता आबांसारखेच झालेत. मी म्हटलं रविवारी येते, भाचा चढेल, शिडी आपण दोघं धरू.