गंज लोखंडाला चढतो, पानावर तांबेरा पडतो

प्रश्न : जवाच्या पानांवर येणाऱ्या 'यलो रस्ट' या बुरशीजन्य रोगाला 'पिवळा गंज' म्हणावं की 'पिवळा तांबेरा'? की पिवळा आणि तांबेरा हे एकत्र विसंगत वाटतं? आणि 'नेट ब्लॉच' या जवाच्याच दुसऱ्या पानांवरच्या रोगाला मराठीत काय म्हणावं?

पिवळा तांबेरा. हा 'गंज' शब्दकोशात 'रस्ट'समोरचा पहिला अर्थ उचलणाऱ्यांनी शेतात आणून सोडला आहे, आणि आता तो माहितीपत्रकांतही वाचावा लागतो. गव्हावर तांबेरा पडतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला जवासाठी नवा शब्द कशाला हवा? पानावरून बोट फिरवलं की रंगीत भुकटी बोटाला लागते, तोच तांबेरा.

विसंगतीचं म्हणाल तर तेल हा शब्द तिळावरून आला, तरी आपण शेंगदाण्याचं तेल म्हणतोच. खोडावर पडणाऱ्या तांबेऱ्याला काळा तांबेरा म्हणतात, तेव्हाही कुणी अडत नाही.

आता खरी गंमत. तांबेरा म्हणजे तांब्यावर चढणाऱ्या गंजासारखा रोग, असं काही जाणकार सांगतात. हे साफ चूक आहे. तांब्यावर चढतो तो कळंक, आणि तो हिरवा असतो! तांबेऱ्यात धातू नाही, रंग आहे. रुद्र म्हणणाऱ्यांना 'असौ यस्ताम्रो अरुण उत बभ्रुः' ही ओळ पाठ असते. तिथला ताम्र म्हणजे लालसर. भांड्याचा तिथे संबंध नाही. 'लोह' शब्दाचंही तसंच. लोहित म्हणजे लाल, आणि लोह हे आधी तांबड्या धातूचं नाव होतं, लोखंडाकडे ते नंतर गेलं.

आणि ताम्रात नसलेला ब तांबेऱ्यात कुठून आला? म म्हणून झाल्यावर र कडे जाताना मिटलेले ओठ सुटतात आणि मध्ये ब उमटतो. मग र गळतो. ताम्र, तंब, तांब. अगदी याच वाटेने आम्र, अंब, आंबा. म्हणजे उच्चाराच्या नात्याने तांबेरा आणि आंबा भाऊभाऊ. मला हे जेव्हा उमगलं तेव्हा दिवसभर दुसरं काही सुचलं नव्हतं.

माझं ठाम मत असं, की या रोगाला नाव देताना माणसाने आधी रंग पाहिला. जव मुख्यतः उत्तरेत, राजस्थान-उत्तर प्रदेशाकडे पिकतो. तिथली हिंदी नावं पाहा : रतुआ म्हणजे लालसर, गेरुई म्हणजे गेरूसारखी. रोमन लोक 25 एप्रिलला पीक या रोगापासून वाचावं म्हणून रोबिगालिया हा सण पाळत. त्यातला 'रोबिगो' हा शब्दही लाल अर्थाच्या लॅटिन शब्दाचा सोयरा. आणि ज्या इंग्रजी 'रस्ट'साठी आपण गंज आणला, तो स्वतः 'रेड'च्याच कुळातला! म्हणजे मूळ शब्दात लाली, आपल्या शब्दात लाली, आणि भाषांतरात तेवढी ती पुसली गेली. गंज म्हटल्यावर डोळ्यांपुढे बिजागरी येते, पान येत नाही.

नेट ब्लॉच राहिलाच. त्याची बुरशी वेगळी. पानावर गडद तपकिरी उभ्या-आडव्या रेघांची जाळी दिसते, बोटाला भुकटी लागत नाही, म्हणून त्याला तांबेरा म्हणू नका. 'जाळीदार करपा' म्हणा.