विंडोज आणि उबुंटू एकाच संगणकावर असताना घड्याळ साडेपाच तास का चुकते?

म्हापशाहून आपण विचारले आहे की, उबुंटू (विंडोजसारखीच संगणक चालवणारी दुसरी प्रणाली) वापरून पुन्हा विंडोजमध्ये आल्यावर घड्याळ दर वेळी साडेपाच तास मागे दिसते, मदरबोर्डवरचा सेल बदलूनही फरक पडलेला नाही आणि दुरुस्ती करणारा आता मदरबोर्डच बदलायला सांगतो आहे. कृपया तो बदलू नका. आपल्या यंत्रात बिघाड नाही, हे त्या साडेपाच तासांच्या नेमक्या आकड्यावरूनच कळते. सेल संपला असता तर तारीख एखाद्या जुन्या वर्षावर गेली असती किंवा वेळ कशीही भरकटली असती. भारतीय प्रमाणवेळ आणि जागतिक वेळ यांच्यात जेवढे अंतर आहे तेवढेच अंतर दर वेळी पडले नसते.

मदरबोर्डवर एक छोटे घड्याळ असते, ते संगणक बंद असतानाही सेलवर चालते. त्यात फक्त तारीख आणि वेळ असते. ती वेळ कुठली, याची नोंद त्यात नसते. विंडोज, डॉस या विंडोजपूर्वीच्या प्रणालीच्या काळापासून चालत आलेल्या पद्धतीप्रमाणे, ती स्थानिक वेळ मानते, तर उबुंटू ती जागतिक वेळ मानून त्यात साडेपाच तास मिळवते. म्हणून संध्याकाळी सातला उबुंटू त्या घड्याळात दीड वाजल्याची नोंद ठेवते आणि नंतर विंडोज उघडले की तिन्हीसांजेला पडद्यावर दुपारचा दीड दिसतो.

उलट बाजूची चूक अधिक त्रासदायक असते. फोंड्यातील एका लहान वाचनालयाचा संगणक मी सांभाळतो. तिथे इंटरनेट नव्हते, त्यामुळे विंडोजने लावलेली वेळ उबुंटू साडेपाच तास पुढे दाखवी आणि ती आपोआप दुरुस्त होत नसे. परिणामी संध्याकाळी साडेसहानंतर परत आलेल्या प्रत्येक पुस्तकावर दुसऱ्या दिवसाची तारीख पडे. मुदतीच्या शेवटच्या दिवशी, शिकवणी आटोपून धावत आलेल्या एका मुलीला त्यामुळे दंड लागला. तो आम्ही परत केला, पण तिचा उतरलेला चेहरा माझ्या अजून लक्षात आहे.

उपाय दोन आहेत. त्यांपैकी एकच करावा. मी विंडोजला जागतिक वेळ मानायला लावणे पसंत करतो. त्यासाठी रजिस्ट्री एडिटर (विंडोजच्या आतल्या नोंदी बदलण्याचे साधन) ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून एचकी लोकल मशीन, सिस्टम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, टाइमझोनइन्फर्मेशन या क्रमाने आत जावे, तिथे ३२ बिटांची नवी डीवर्ड नोंद करून तिला ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ हे नाव इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता द्यावे आणि तिची किंमत १ ठेवावी. विंडोजमधील फास्ट स्टार्टअपही बंद करावे, कारण ते चालू असताना ‘शट डाउन’ केले तरी विंडोज पूर्णपणे बंद होत नाही. यानंतर एकदा उबुंटूमध्ये इंटरनेट जोडून वेळ बरोबर करून घ्यावी.

रजिस्ट्रीला हात लावायचा नसेल, तर उबुंटूच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, आधी सुडो (प्रशासकाचा अधिकार देणारा शब्द) लिहून ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्यावी. असे केल्यावर उबुंटू स्वतःच इशारा देते, तो मुख्यतः उन्हाळ्यात घड्याळे पुढे-मागे करणाऱ्या देशांसाठी आहे. आपल्याकडे ती पद्धत नसल्याने हा मार्गही चालतो. मात्र दोन्ही उपाय एकदम केले, तर तीच चूक उलट दिशेने परत येते. आपण आधी कुणाच्या सांगण्यावरून ही आज्ञा दिली असेल, तर शेवटी १ च्या जागी ० लिहून ती पुन्हा द्यावी आणि मगच रजिस्ट्रीकडे वळावे.

पहिला उपाय केल्यावर बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, वेळ साडेपाच तास मागे दिसेल. ती तशीच असायला हवी; पावसात वीज गेल्या-आल्यानंतर कुणी बायोस उघडून ती ‘सुधारू’ नये, एवढे घरातल्यांना सांगून ठेवा.