शाकॉनच्या आधी व्हायोलिनचा कागद उघड

अगं, तुझा मेसेज वाचला. शाकॉनच्या, म्हणजे बाखच्या एकट्या व्हायोलिनसाठीच्या त्या लांब रचनेच्या, गिटारसाठी छापलेल्या दोन एडिशन्स तुझ्याकडे आहेत, एकीत बास (खालचे सूर) जास्त, दुसरीत कमी, फिंगरिंग, म्हणजे कुठलं बोट कुठे, तर कुठेच जुळत नाही, तर यातली खरी कोणती, असं तू विचारलंयस. खरी दोन्ही नाहीत. खरं आहे ते बाखने स्वतःच्या हाताने लिहिलेलं व्हायोलिनचं हस्तलिखित, त्यावर १७२० साल आहे, स्कॅन फुकट मिळतात, आणि गिटारसाठी छापलेलं जे काही आहे ते त्यावर कुणीतरी दिलेलं मत आहे. चांगलं असेल, अनुभवी माणसाचं असेल, पण मतच.

मूळ कागदाचं सोवळं पाळ असं नाही म्हणत मी. बाखने स्वतःच नाही पाळलं. व्हायोलिनच्या तिसऱ्या पार्टिटाचा, म्हणजे नाचांच्या माळेचा, प्रील्यूड (सुरुवातीचा तुकडा) त्याने उचलला आणि २९ नंबरच्या कँटाटामध्ये, म्हणजे गायक-वादकांच्या रचनेत, ऑर्गनला दिला, वर ट्रंपेट आणि ड्रम, आणि तोच अख्खा पार्टिटा नंतर पुन्हा लिहून काढला, ज्याला आपण बाखच्या रचनांच्या यादीतल्या नंबरावरून १००६ए म्हणतो (व्हायोलिनचा मूळ तो १००६) आणि ल्यूट सूट म्हणून वाजवतो, ल्यूट म्हणजे गिटारसारखं जुनं तारवाद्य आणि सूट म्हणजेही नाचांची माळच. तेव्हा सुरांना हात लावायचा की नाही हा प्रश्न कधीच निकालात निघालाय. कुठे लावायचा आणि का, एवढंच उरतं.

हे शिकायचं तर दुसरा गुरू शोधू नकोस, १००६ आणि १००६ए शेजारी शेजारी ठेव आणि पेन्सिल घेऊन बस. व्हायोलिनला चारच तार, बास धरून ठेवता येत नाही, म्हणून बाख खालचा सूर नुसता दाखवतो आणि वर निघून जातो, उरलेलं आपला कान भरतो. आता बास खरंच वाजवू शकणारं वाद्य हातात आल्यावर त्याने काय केलं बघ: प्रील्यूडमध्ये बास अगदी हात राखून घातलेत, जिथे हार्मनी (सुरांचा मेळ) वळते तिथे, बाकी वरची ओळ तशीच पळू दिलीय. मग चेलोचा पाचवा सूट म्हणजे १०११ आणि त्याचंच ल्यूटचं रूप ९९५, हे दोन घे. इथे तो जास्त मोकळा झालाय. या दोन जोड्या नीट पाहिल्यास तर तुझ्या एडिशनमधला कुठला बास बाखच्या वळणाचा आणि कुठला एडिटरला रिकामी तार बघवली नाही म्हणून आलेला, हे तुला आपोआप दिसायला लागेल.

शाकॉनचं तर मजेशीर आहे. ब्राम्सने ती पियानोवर फक्त डाव्या हातासाठी केली, जवळजवळ काही न वाढवता, आणि बुसोनीने तीच दोन्ही हातांत अशी भरली की ऑर्गन वाटावा. आपण मध्ये कुठेतरी. गिटारवादक सेगोव्हियाने १९३५ मध्ये पॅरिसला वाजवली तेव्हापासून ती गिटारवाल्यांचीच असल्यासारखी झालीय, आणि डी मायनर आपल्याला सोयीचं पडतं, सहावी तार डी ला उतरवली की झालं. पण सोयीचं पडतं म्हणूनच भरायचा मोह होतो. माझं विचारशील तर शंका आली की बास काढून टाक, आणि एक दिवस तसं वाजवून बघ, त्याची आठवण आली तरच परत घाल.

आता जे कुठल्याच एडिशनमध्ये छापलेलं नसतं ते. सूर कधी सुरू होतो ते सगळे बघतात, कधी संपतो ते कोणी बघत नाही. गिटारवर मोकळी तार वाजवली की ती पुढचे दोन बीट (मात्रा) खुशाल वाजत राहते, हार्मनी बदलली तरी, आणि मग बासची ओळ न राहता खाली नुसता घोळ होतो. पाचवीवरून सहावीवर येताना सोपं आहे, अंगठा सहावी वाजवून पाचवीवर टेकू दे, ती गप्प होते. उलटं जाताना मात्र काम आहे, पाचवी वाजवल्यावर अंगठा मागे येऊन सहावीला टेकला पाहिजे, आणि हे वरच्या बोटांची लय न बिघडवता. कंटाळवाणं आहे. रोज कर, फक्त बासची ओळ घेऊन, वरचं काहीही न वाजवता.

ट्रिलबद्दल, म्हणजे शेजारच्या दोन सुरांच्या झपाट्याने होणाऱ्या आलटापालटीबद्दल, थोडक्यात: वरच्या सुरापासून, बीटवर. बाखने आपल्या नऊ वर्षांच्या मुलासाठी, विल्हेल्म फ्रीडेमानसाठी, १७२० च्या वहीत अलंकारांचा तक्ताच लिहून दिलाय, तो पान उघडून बघ. दोन तारांवर उजव्या हाताने वाजवायचा ट्रिल हार्प्सिकॉर्ड या जुन्या कीबोर्ड वाद्यासारखा खणखणीत लागतो खरा, पण प्रत्येक ठिकाणी तोच केलास तर ऐकणाऱ्याला सर्कस वाटते. साराबांद नावाच्या हळू नाचात डाव्या हाताचा साधा स्लरच बरा, म्हणजे तार पुन्हा न छेडता डाव्या बोटाने काढलेला सूर.

आणि नाच विसरू नकोस. साराबांदमध्ये वजन दुसऱ्या बीटवर जातं, आणि शाकॉन चक्क दुसऱ्या बीटवरच सुरू होते, त्यामुळे पहिल्या कॉर्डलाच 'एक' समजून बसलीस तर तिथून पुढचा सगळा तोल गेला. ९९६ नंबरच्या ल्यूट सूटमधली बूरे घे, गिटारवाला एकही नसेल ज्याने ती वाजवली नाही, आणि बहुतेक जण ती अंगाईसारखी वाजवतात. दोन बीटचा नाच आहे तो! दोनच आवाज, बऱ्याच ठिकाणी एकमेकांच्या उलट दिशेने चालणारे, म्हणजे वरचा सांगतोय त्याला खालचा उत्तर देतोय, आणि खालचा जर मोकळ्या तारेवर लोंबकळत राहिला तर उत्तर कसलं.

कीबोर्डसाठी लिहिणारा स्कार्लाटी आत्ता नको. साडेपाचशेच्या वर सोनाटा आहेत, त्यातल्या काही एका गिटारवर छान बसतात, पण बऱ्याच दोन गिटारांवरच शोभतात, कारण उड्या कीबोर्डच्या हातांसाठी आहेत. व्हाइस मात्र जरूर बघ, तो मुळातच ल्यूटचा माणूस. एकच सावधगिरी, त्याच्या नावावर सेगोव्हियाने वाजवलेला ए मायनरचा एक सूट प्रत्यक्षात मेक्सिकोच्या पोन्सेने लिहिलेला होता, आणि बरीच वर्षं लोकांना तो पटलाही. ऐकायला झकासच आहे तो, फक्त त्यावरून व्हाइस शिकू नकोस.

तर आत्ता असं कर. शाकॉन बाजूला ठेव, ती चौदा-पंधरा मिनिटं चालते आणि त्यात तुझे सगळे प्रश्न एकदम येतील. चेलोच्या पहिल्या सूटचा प्रील्यूड घे, १००७, पण गिटारची एडिशन उघडू नकोस. चेलोचा कागद घे, जी मेजरचं डी मेजर कर, म्हणजे पहिला सूर चौथी तार मोकळी येईल, आणि मोकळी पहिली तारही त्याच बारमध्ये (तालाच्या एका घरात) सापडेल, सहावी डी ला उतरव. आधी एकही बास न घालता पूर्ण वाजव. मग पेन्सिलने जास्तीत जास्त दर दोन बारला एक बास, आणि प्रत्येकाशेजारी तो कुठे थांबणार ते लिही. रेकॉर्डिंग नको पाठवूस, आधी तो खोडाखोड केलेला कागदच पाठव, फोटो काढून.