सोळा एप्रिलच्या फळ्यावरील पाच नोंदी

प्रश्न : आमच्या मुलीच्या शाळेत परिपाठाच्या वेळी फळ्यावर रोज दिनविशेष लिहिला जातो. १६ एप्रिलचे काम तिच्याकडे आले, तेव्हा तिने पाच नोंदी जमवल्या. १७४६ ची स्कॉटलंडमधील कलोडनची लढाई, १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे धावलेली पहिली रेल्वे, १८६७ मधील विल्बर राइट यांचा आणि १८८९ मधील चार्ली चॅप्लिन यांचा जन्म, आणि १९१७ मध्ये लेनिन यांचे पेत्रोग्राडला आगमन. मात्र आमच्या घरातील एका जुन्या पुस्तकात लेनिन ३ एप्रिलला पोहोचल्याचे लिहिले आहे. यात चूक कोणाची? शिवाय एकाच दिवशी इतक्या मोठ्या घटना घडाव्यात, यामागे काही कारण असते का?
— एक पालक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आपल्या घरातील पुस्तक चुकलेले नाही आणि आपली मुलगीही चुकलेली नाही. रशियात १९१८ पर्यंत ज्युलियन दिनदर्शिका चालू होती आणि ती आपल्याकडील इंग्रजी दिनदर्शिकेच्या, म्हणजे ग्रेगोरियन दिनदर्शिकेच्या, तेरा दिवस मागे होती. त्यामुळे लेनिन ज्या रात्री पेत्रोग्राडच्या फिनलंड स्थानकावर उतरले, त्या रात्री तेथील भिंतीवर ३ एप्रिल होता, तर पॅरिस, लंडन येथे १६ एप्रिल ही तारीख लिहिली जात होती. पुढे १९१८ मध्ये रशियाने ३१ जानेवारीनंतर थेट १४ फेब्रुवारी मोजून हे अंतर बुजवले. ज्या क्रांतीला जग ऑक्टोबर क्रांती म्हणते तिचा स्मृतिदिन ७ नोव्हेंबरला का येतो, याचे उत्तरही यातच आहे.

हे अंतर पडले कसे, ते मुलीला समजावून सांगण्यासारखे आहे. ज्युलियन पद्धतीत वर्ष बरोबर ३६५ दिवस आणि सहा तासांचे धरले होते. प्रत्यक्ष सौर वर्ष त्याहून सुमारे अकरा मिनिटांनी लहान असते. अकरा मिनिटे किरकोळ वाटतात, परंतु ती साठत जातात आणि सुमारे १२८ वर्षांत एक अख्खा दिवस चुकतो. सोळाव्या शतकापर्यंत ही चूक दहा दिवसांवर गेली होती. म्हणून १५८२ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी ४ ऑक्टोबरनंतर १५ ऑक्टोबर मोजण्याची आज्ञा दिली आणि ज्या शतकवर्षाला ४०० ने भाग जात नाही ते लीप वर्ष धरायचे नाही, असा नियम घातला. पोर्तुगाल आणि स्पेन यांनी तो लगेच स्वीकारला. इंग्लंडने मात्र १७५२ पर्यंत वाट पाहिली आणि त्या वर्षी तेथे बुधवार २ सप्टेंबरनंतर गुरुवार १४ सप्टेंबर उजाडला.

आता फळ्यावरील पहिल्या नोंदीकडे पाहू. कलोडनची लढाई १७४६ ची, म्हणजे इंग्लंडच्या या सुधारणेच्या आधीची. ती १६ एप्रिलला झाली असे म्हणतात ते तेथील जुन्या गणनेने. आजच्या गणनेने तो दिवस २७ एप्रिल होतो. बाकीच्या चार नोंदी एका मापाने मोजलेल्या आहेत आणि ही एकटी वेगळ्या मापाने. ती पुसून टाकावी असे मी म्हणणार नाही, पण तिच्यापुढे ‘जुन्या गणनेनुसार’ एवढे दोन शब्द अवश्य लिहावेत.

आपण ठाण्याचे आहात, म्हणून थोडे विषयाच्या आत शिरतो. हा दोन दिनदर्शिकांचा गोंधळ आपल्या खाडीवर सुमारे सत्तर वर्षे नांदला आहे. १६६५ मध्ये मुंबई बेट इंग्रजांच्या हाती आले आणि साष्टी, म्हणजे ठाणे आणि वांद्र्यापर्यंतचा मुलूख, पोर्तुगीजांकडेच राहिला. माहीमच्या खाडीच्या एका काठावर नवी गणना आणि दुसऱ्या काठावर जुनी, अशी स्थिती झाली. समजा, १७३० साली ठाण्यातील पोर्तुगीज अधिकाऱ्याने २० मार्चला एक पत्र लिहिले आणि ते होडीने दुसऱ्या दिवशी मुंबईला पोहोचले. तेथील कारकून ते १० मार्चला मिळाल्याची नोंद करणार. एवढेच नव्हे, इंग्रजांचे कायदेशीर वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू होत असल्याने तो साल १७२९ लिहिणार, किंवा फार तर १७२९-३० असे दोन आकडे घालणार. लिहिण्याच्या आधी पोहोचलेले पत्र अभ्यासकाच्या हाती येते ते असे. १७३७ मध्ये चिमाजी आप्पांच्या साष्टीच्या मोहिमेत ठाण्याचा किल्ला मराठ्यांकडे आला, आज जेथे मध्यवर्ती कारागृह आहे तोच हा किल्ला. त्यानंतर त्यात तिसऱ्या गणनेची भर पडली, कारण पेशवे दफ्तरातील कागदांवर शुहूर सन ही जुनी वर्षगणना आणि मुसलमानी महिन्यांचे चंद्र, म्हणजे चांद्र तारखा, यांनी मिती घातलेली असते. या मोहिमेतील एकच घटना पोर्तुगीज, इंग्रजी आणि मराठी कागदांत तीन निरनिराळ्या दिवशी घडलेली दिसते आणि जंत्री, म्हणजे निरनिराळ्या गणनांच्या तारखांचे कोष्टक, घेऊन बसल्याशिवाय ती एक आहे हे उमगत नाही. ज्यांनी हे मेळ घालण्याचे काम आयुष्यभर केले त्या आपल्या इतिहास-संशोधकांविषयी मला फार आदर वाटतो.

रेल्वेच्या नोंदीत तारखेची अडचण नाही. शनिवार, १६ एप्रिल १८५३. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने, एकवीस तोफांची सलामी, आणि बोरीबंदर ते ठाणे सुमारे ३४ किलोमीटरचा प्रवास. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या उभारणीत पुढाकार घेणारे नाना शंकरशेट त्या गाडीत होते. फक्त ‘पहिली रेल्वे’ न लिहिता ‘पहिली प्रवासी रेल्वे’ असे लिहावे. मालवाहतुकीसाठी मद्रासजवळ रेड हिल्स येथे १८३७ मध्ये आणि रुडकीजवळ सोलानीच्या जलसेतूच्या बांधकामासाठी १८५१ मध्ये रूळ वापरात आलेले होते. ठाण्याचे मोठेपण त्यामुळे तसूभरही कमी होत नाही, उलट नोंद नेमकी होते. राइट आणि चॅप्लिन यांच्या तारखांना हात लावण्याचे कारण नाही. चॅप्लिन यांच्या जन्माची सरकारी नोंद सापडलेली नसली, तरी त्यांचा वाढदिवस याच तारखेला मानला जातो.

एकाच दिवशी इतके सारे का, या प्रश्नाचे उत्तर गणितात आहे. वर्षात तारखा ३६६ आणि नोंद घेण्याजोग्या घटना हजारो, तेव्हा प्रत्येक तारखेच्या वाट्याला काही डझन येणारच. मुलीच्या वर्गातच हे पडताळून पाहता येईल. कोणतीही २३ माणसे एकत्र आली, तर त्यांतील कोणा दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून किंचित अधिक असते. चाळीस मुलांच्या वर्गात ती जवळजवळ ८९ टक्के होते. मात्र काही तारखा योगायोगाने जुळत नाहीत, त्या जाणून जुळवलेल्या असतात. संविधान २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारले गेले आणि दोन महिने थांबून २६ जानेवारी १९५० ला संपूर्णपणे अमलात आले, कारण लाहोर काँग्रेसच्या निर्णयानुसार २६ जानेवारी १९३० हा दिवस पूर्ण स्वराज्याचा म्हणून पाळला गेला होता. अशी जोडी फळ्यावर आली, तर मुलांना तिचे कारणही सांगावे.

आणि कधी तारीखच नव्हे, तर दिवसही खरोखर एकच असतो. १ ऑगस्ट १९२० घ्या. मध्यरात्र उलटल्यावर मुंबईत सरदारगृहात लोकमान्य टिळकांनी देह ठेवला. त्याच दिवशी गांधीजींचे असहकार आंदोलन सुरू झाले. त्याच दिवशी वाटेगावात अण्णा भाऊ साठे जन्मले. लोकमान्यांचे प्राण तासभर आधी गेले असते, तर स्मृतिदिन ३१ जुलैला आला असता, हे वाचताना दर वेळी माझ्या अंगावर शहारा येतो. त्या एका दिवसाच्या तीन नोंदी शेजारी शेजारी लिहिल्या, म्हणजे महाराष्ट्राच्या विसाव्या शतकाचा केवढा पट मुलांसमोर उलगडतो! मुलीला १ ऑगस्टचेही काम मिळावे, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : शिवराज्याभिषेक दिन ६ जूनला लिहावा की तिथीने, यावरून आमच्या शिक्षक-खोलीत दर वर्षी चर्चा होते. आपले मत काय?
— एक शिक्षिका, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : दोन्ही लिहावे, परंतु दोन्हींचा उगम सांगून लिहावे. राज्याभिषेक शके १५९६ च्या ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला झाला. इंग्रजांचे वकील हेन्री ऑक्झिंडेन तेव्हा रायगडावर उपस्थित होते आणि ६ जून १६७४ ही तारीख त्या काळच्या इंग्रजी, म्हणजे ज्युलियन, गणनेची आहे. आजच्या गणनेने तो दिवस १६ जून येतो. शिवजयंतीचेही तसेच आहे. शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया, ज्युलियन १९ फेब्रुवारी १६३० आणि आजच्या गणनेने १ मार्च हे तिन्ही एकाच शुक्रवारचे निर्देश आहेत. महाराजांचा जन्मदिवस कोणता यावर भांडणाऱ्यांना एवढे सांगितले, तरी पुष्कळ काम होते.

तिथी दर वर्षी पुढे-मागे का सरकते, हेही मुलांना दाखवावे. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने तिथी दर वर्षी मागे येते आणि अधिक मास पडला की पुन्हा पुढे जाते. २०२३ मध्ये ही त्रयोदशी २ जूनला आली होती. साधारणपणे १९ वर्षांनी तिथी आणि तारीख यांची पुन्हा गाठ पडते, कारण १९ सौर वर्षांत जवळजवळ बरोबर २३५ चांद्र मास बसतात. वर्गात भिंतीवरची दिनदर्शिका काढून मोठ्या आकड्याखाली बारीक अक्षरांत छापलेली तिथी मुलांना वाचायला लावावी. एकोणिसावा वाढदिवस जवळ आलेल्या भावंडांची पाने तर त्यांनी स्वतः ताडून पाहावीत. धम्मचक्र प्रवर्तन दिनाची नोंदही याच धड्यात बसते. १९५६ मध्ये १४ ऑक्टोबर आणि विजयादशमी एकाच दिवशी होत्या, म्हणून नागपूरला आजही दोन्ही दिवशी लोक लोटतात.

प्रश्न : माणूस चंद्रावर २० जुलैला उतरला असे सगळीकडे लिहितात. माझ्या आठवणीत तो २१ जुलै होता. माझी आठवण चुकते आहे का?
— एक ज्येष्ठ वाचक, वाशी

उत्तर : आपली आठवण पक्की आहे. १९६९ मध्ये अपोलो ११ चे यान चंद्रावर टेकले तेव्हा अमेरिकेत २० जुलैची दुपार होती, पण भारतीय वेळेनुसार २१ जुलैच्या पहाटेचे पावणेदोन वाजून गेले होते. नील आर्मस्ट्राँग यांनी पाऊल ठेवले तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेआठ वाजत आले होते. पुस्तके अमेरिकेची तारीख देतात, आपण भारतातील दिली.

वेळेचा विषय निघालाच आहे, तर नौपाड्याच्या पालकांसाठी एक गोष्ट राहिली. ती पहिली गाडी बोरीबंदरहून दुपारी साडेतीनच्या सुमारास सुटली, ती मुंबईच्या स्थानिक वेळेनुसार. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली आणि मुंबईची स्थानिक वेळ तिच्या ३९ मिनिटे मागे होती. आपल्या मुलीला १६ एप्रिलला फलाटावर उभे राहून तो क्षण अनुभवायचा असेल, तर तिने आजच्या घड्याळात चार वाजून गेल्यावर बोरीबंदरला, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, थांबावे आणि तेथून सुटणारी ठाण्याची लोकल धरावी.