सोलापुरात बारा जण: घर की हॉटेल?
दादा, अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर असा बेत आणि मुक्काम सोलापुरात, तर आधी पाण्याचं विचारा. शहरात नळाला रोज पाणी येत नाही. घर भाड्याने घेणार असाल तर टाकी केवढी, बोअर आहे का, हे मालकाला फोन करूनच विचारा; फोटोत ते दिसत नाही. नवखे खोल्या मोजतात, बाथरूम मोजत नाहीत. पहाटे दर्शनाला निघायचं आणि एका बाथरूमपुढे सहा जण, मग भांडणं ठरलेली!

- एकच रात्र असेल तर सरळ हॉटेल. साफसफाईचे पैसे धरले की घर स्वस्त पडत नाही.
- दोन-तीन रात्री, सोबत लहान मुलं: घर. दूध-भात तरी करता येतो.
- आजी-आजोबांसाठी तळमजला किंवा लिफ्ट.
- जानेवारीत गड्डा (सिद्धेश्वराची यात्रा), आषाढीत पंढरपूरची वारी. तेव्हा बुकिंग फार आधी करा.

भाड्याची घासाघीस नंतर बघू. आधी तारखा आणि माणसं पक्की करा.